टी-सेट काढू या, चहाची भांडी ओळखू या

मित्रांनो, वस्तुचित्रात टी-सेट आला की आपण घाईघाईत कपबशी काढून मोकळे होतो. पण त्यातल्या प्रत्येक भांड्याच्या घाटाला काही कारण आहे. ते कारण कळले तर चित्र चुकत नाही. म्हणून ही माहिती देत आहे.

‘चहा’ हा शब्द चिनी भाषेतल्या ‘चा’ वरून आला. आठव्या शतकात लू यू नावाच्या चिनी माणसाने चहावर ‘चा-जिंग’ हे पुस्तक लिहिले. त्यात चहाची वीसपेक्षा जास्त भांडी व साधने सांगितली आहेत. पण पत्ती मुरवायची चहादाणी त्यात नाही! कारण तेव्हा चहाच्या वड्या असत. वडी भाजायची, दळायची, उकळत्या पाण्यात टाकायची आणि आमटीसारखी वाडग्यात वाढायची. पुढे सोंग राजांच्या काळात चहाची पूड वाडग्यातच बांबूच्या कुंच्याने घुसळीत. पांढरा फेस उठून दिसावा म्हणून वाडगे काळे असत.

सन १३९१ मध्ये मिंग घराण्याच्या पहिल्या बादशहाने नजराण्यातल्या वड्या बंद करून सुटी पत्ती मागवली. पत्ती मुरवायला झाकणाचे आणि तोटीचे भांडे लागते. म्हणून चहादाणी पुढे आली. यीशिंगची जांभळट मातीची चहादाणी आणि जिंगदेझेनची पांढरीशुभ्र चिनी माती आजही प्रसिद्ध आहे. दौलताबादच्या किल्ल्यावर सहलीला गेलात तर चिनी महाल जरूर पाहा. भिंतीवरच्या निळ्या चकचकीत कामामुळे त्याला ते नाव पडले.

आता चित्र कसे काढायचे ते पाहू.
१) आधी मधोमध उभी रेघ फिकट ओढा. दोन्ही बाजू सारख्या येतात.
२) कपाचे तोंड गोल असले तरी समोरून लांबट गोल दिसते. बूडही सपाट रेघेने काढू नका, त्याला बाक द्या.
३) तोटीचे टोक चहादाणीच्या काठाइतके उंच ठेवा. पाणी सगळीकडे एकाच पातळीत राहते. तोटी खाली काढली तर चहादाणी भरायच्या आधीच चहा सांडेल!
४) कान शेवटी काढा. चिनी कपाला कान नसायचा. अठराव्या शतकात युरोपात कानवाले कप होऊ लागले, बोटे भाजू नयेत म्हणून.

कानावरून आमच्या आजोबांनी सांगितलेली गोष्ट आठवली. ते म्हणाले, “हाटेलात आमचा कप येगळा असायचा, कान तुटलेला. बाहेर वळचणीला ठेवलेला. चहा पिऊन आपणच धुवायचा अन् परत तिथंच ठेवायचा.” संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता बंद केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळून कुणाला हॉटेलातली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरला. आजोबा म्हणतात, “कायदा आधी आला, कप लई उशिरा बदलला.”

चहादाणीच्या तोटीला कारण आहे, कपाच्या कानालाही आहे. पण वेगळ्या कपाला चांगले असे एकही कारण नव्हते.

पालकहो, घरी मुलांसमोर एक कपबशी ठेवून चित्र काढायला सांगा. आजी-आजोबांना जुन्या चहाच्या गोष्टीही विचारू द्या. आणि मित्रांनो, सहा कप काढाल तेव्हा लांबचा कप थोडा लहान दिसेल, पण घाट सगळ्यांचा एकच ठेवा आणि कान सगळ्यांना द्या. तरच त्याला सेट म्हणतात.

— इयत्ता सातवी