शत्रूला ‘फाकडा’ म्हणणारे मावळ

‘फाकडा’ ही पदवी मराठी माणूस सहजासहजी कुणाला बहाल करीत नाही. पेशवाईत मानाजी शिंद्यांना ती लाभली. नवल असे की, एका इंग्रज कप्तानालाही लाभली! त्याचे नाव जेम्स स्टुअर्ट. आपल्या लोकांनी त्याचा ‘इष्टुर फाकडा’ केला.

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या नोव्हेंबरात मोहीम काढली. सुमारे चार हजारांची फौज आणि सामानाला एकोणीस हजारांवर बैल! बोरघाट ताब्यात घेणाऱ्या आघाडीच्या तुकडीचा नायक स्टुअर्ट होता. मागचे सेनानी मात्र कूर्मगतीचे. कार्ल्यापर्यंतचे आठ मैल कापायला फौजेला अकरा दिवस लागले.

कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ रोजी स्टुअर्ट पडला. झाडावर चढून टेहळणी करताना त्याला गोळा लागला, असे मावळात सांगतात. पुढे महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्या डावपेचांनी फौजेची कोंडी झाली. वाटेवरची गावे आणि चारा मराठ्यांनी आधीच जाळला होता. तळेगावहून माघार घेताना इंग्रजांनी जड तोफा तळ्यात लोटल्या. अखेर वडगावला त्यांना अपमानास्पद तह करावा लागला. राघोबांना पेशव्यांच्या हवाली करण्याचेही त्यांनी त्यात कबूल केले.

आपल्या नागपूरचाही या कथेशी धागा आहे. मुंबईकरांच्या मदतीसाठी कलकत्त्याहून निघालेली फौज तेव्हा नर्मदाकाठी होती. नागपूरकर मुधोजी भोसल्यांना वळविण्याची हेस्टिंग्जला आशा होती. पण त्याचा वकील एलियट १७७८ मध्ये वाटेतच वारला आणि मुधोजींनी उघडपणे इंग्रजांची बाजू घेतली नाही.

हेस्टिंग्जने वडगावचा तह मानला नाही. युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चालले आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. तरीही वडगाव मावळात स्टुअर्टची समाधी जपली गेली, लोक तिच्यापुढे हात जोडू लागले. तो मराठ्यांचे राज्य मोडायला आला होता, हे त्यांना ठाऊक नव्हते काय? ठाऊक होतेच. पण शत्रूशी लढावे जिद्दीने आणि तो पडल्यावर त्याच्या शौर्याला मान द्यावा मोकळ्या मनाने, ही त्या मातीची रीत. वैर मरणापाशी संपवायला मोठे मन लागते. मावळच्या साध्या माणसांकडे ते होते. आपल्या मुलांना लढाया सांगताना हेही सांगायला हवे.