लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना

घरातला जुना लॅपटॉप हळूहळू मंद होत जातो. बटण दाबल्यावर तो कामाला लागेपर्यंत चार-पाच मिनिटे जातात. मग एक दिवस आतून टक् टक् असा आवाज येऊ लागतो आणि दुरुस्ती करणारा सांगतो, "हार्ड डिस्क बदलावी लागेल." पण नवी कोणती घ्यावी? दुकानात अनेक प्रकार असतात. त्यांच्या किमती वेगळ्या, आकार वेगळे आणि वेष्टनावरचे आकडेही वेगळे. या आकड्यांचा अर्थ कळायला हवा असेल, तर हार्ड डिस्क काम कशी करते हे आधी पाहावे लागेल.

फिरती चकती

१९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर राहणाऱ्या डिस्कमध्ये त्याच्या लाख-दोन लाख पट मजकूर साठवता येतो. तत्त्व मात्र तेच आहे.

चकतीवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो. त्यातील सूक्ष्म भागांच्या चुंबकनाची दिशा बदलून ० आणि १ या अंकांच्या रूपात माहिती नोंदली जाते. ग्रामोफोनची मोठी तबकडी मिनिटाला सुमारे ३३ फेरे घेते, तर लॅपटॉपमधील चकती बहुधा ५४०० फेरे घेते. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. येथे मात्र माहिती वाचणारे शीर्ष चकतीला न टेकता हवेच्या थरावर, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो! म्हणूनच चालू लॅपटॉपला धक्का बसणे घातक ठरते. बिघडलेल्या डिस्कमध्ये शीर्षाला आपली जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन शोध घेते. टक् टक् हा आवाज बहुधा त्याचाच असतो.

वेळ कोठे जातो?

आता थोडे गणित करू. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे सेकंदाला ९० फेरे. एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. जत्रेतल्या फिरत्या चक्रातला हवा तो घोडा समोर येईपर्यंत जसे थांबावे लागते, तसेच चकतीचा हवा तो भाग खाली येईपर्यंत शीर्षाला थांबावे लागते. सरासरी अर्धा फेरा धरला तर ५.५ मिलिसेकंद झाले. त्याआधी शीर्षाला योग्य वर्तुळापाशी जायला साधारण १२ मिलिसेकंद लागतात. एकूण झाले १७.५ मिलिसेकंद. म्हणजे वेगवेगळ्या जागी पडलेले तुकडे सेकंदाला सुमारे ५७ च वाचता येतात. लॅपटॉप सुरू होताना असे हजारो लहान तुकडे लागतात. वेळ जातो तो मुख्यतः शोधण्यात.

एसएसडी या नव्या प्रकारात फिरणारा भागच नसतो. त्यात फ्लॅश स्मृतीच्या चिपा असतात. ही स्मृती जपानमधील तोशिबा कंपनीत काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी १९८० नंतरच्या दशकात शोधून काढली. विद्युतरोधक थरांमध्ये इलेक्ट्रॉन कोंडून ठेवले जातात आणि वीज बंद केली तरी ते तेथेच राहतात. कोणताही तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात हाती येतो. जुना लॅपटॉप एसएसडी बसवताच तरतरीत होतो, त्याचे कारण हेच.

बसेल का?

नवी डिस्क घेण्यापूर्वी जुनी काढून पाहावी. ती अडीच इंची असेल, तर जोडणी बहुधा साटा पद्धतीची असते. जाडीही मोजावी. ७ मिलिमीटर जाडीची डिस्क ९.५ मिलिमीटरच्या जागेत चौकट लावून बसते, पण उलट जमत नाही. अलीकडच्या लॅपटॉपमध्ये एम.२ नावाची, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब पट्टी असते. तिच्यात साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. ते दिसायला सारखे असले तरी एकाच्या जागी दुसरा चालेलच असे नाही. काही लॅपटॉपमध्ये चिपा मुख्य पाटीवरच डाखलेल्या असतात. तेथे बदलण्याचा प्रश्नच उरत नाही.

साटाच्या तिसऱ्या पिढीचा वेग सेकंदाला ६ गिगाबिट, तर दुसरीचा ३ गिगाबिट आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये दुसरी पिढी असली तरी निराश होऊ नये. शोधण्याचा वेळ तेथेही वाचतोच. पण लॅपटॉपला पेलणार नाही असा वेग विकत घेण्यात पैसे वाया जातात.

५०० गिगाबाइटची डिस्क घेतली आणि पडद्यावर ४६५ हाच आकडा दिसला, तर फसलो असे समजू नका. कारखानदार १०० कोटी बाइटना एक गिगाबाइट म्हणतो, तर विंडोज ही प्रणाली १०२४ चा तीनदा गुणाकार करून येणाऱ्या संख्येला. डिस्क तीच, फक्त मापे दोन.

सर्वांत महत्त्वाचे

डिस्क पुन्हा विकत मिळते, पण आजीचे छायाचित्र किंवा वर्षभर लिहिलेला प्रकल्प मिळत नाही. टक् टक् ऐकू आली की खेळ, चित्रपट बंद करून आधी महत्त्वाच्या गोष्टींची प्रत काढावी. एसएसडीतही प्रत्येक कप्प्यात ठरावीक वेळाच लिहिता येते, आणि ती पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. म्हणून नवी डिस्क बसवल्यावरही एक प्रत बाहेर ठेवावी. त्यासाठी फिरत्या चकतीची स्वस्त आणि मोठी डिस्क अजूनही उत्तम.

करून पाहा : चकती मिनिटाला ७२०० फेरे घेत असेल, तर एक तुकडा मिळायला किती वेळ लागेल? शीर्षाचे १२ मिलिसेकंद तेच धरा. उत्तर ०.१ मिलिसेकंदाशी ताडून पाहिलेत, की चकती अधिक वेगाने फिरवून फारसे का साधत नाही ते ध्यानात येईल.