रकाना नसलेली तक्रार

जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे 'ॲस्की', या संस्थेनं २०२४-२५ या आर्थिक वर्षात ९,५९९ तक्रारी हाताळल्या आणि ७,१९९ जाहिराती तपासल्या. त्यांतल्या ९८ टक्के जाहिरातींत काही ना काही बदल करणं गरजेचं ठरलं. आकडे दणदणीत आहेत. पण पुढचा आकडा असा की यातल्या ९४.४ टक्के जाहिराती डिजिटल माध्यमातल्या होत्या. वजाबाकी केली तर टीव्ही, वर्तमानपत्रं, होर्डिंग, रेडिओ असं सगळं मिळून उरतात सुमारे ४०० जाहिराती. अख्ख्या देशात, अख्ख्या वर्षात.

आता घरातला हिशेब. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांप्रमाणे वाहिनीला तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात. त्यांतली १० मिनिटं व्यापारी जाहिरातींची, २ वाहिनीच्या स्वतःच्या जाहिरातबाजीची. एक जाहिरात ३० सेकंदांची धरली तर व्यापारी जाहिराती तासाला २० होतात. संध्याकाळी सात ते दहा टीव्ही चालू असणाऱ्या घरात (आणि असं घर शोधायला कोल्हापुरात गल्लीबाहेर जावं लागत नाही) रोज ६० आणि वर्षाला २१,९०० जाहिराती येऊन जातात. त्यांतल्या बहुतेक त्याच त्या असतात हे खरं. पण डोक्यात मुरतं तेही त्याच त्या असण्यामुळेच.

डिजिटलचा वाटा २०२२-२३ मध्ये ७५ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ८५ झाला आणि मग ९४.४. याचा अर्थ टीव्हीवरच्या जाहिराती एकाएकी सोज्वळ झाल्या असा नाही. बेकायदा सट्ट्याच्या ॲपांनी इंटरनेटवर इतका धुमाकूळ घातला की ७,१९९ पैकी ३,०८१ जाहिराती एकट्या त्यांच्याच निघाल्या. त्याखालोखाल घरबांधणीच्या, जवळजवळ एक चतुर्थांश. महाराष्ट्रात फ्लॅटच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो, ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही लागतो. तो नसेल तर दोष उघड दिसतो; कुणाच्या मताचा प्रश्न येत नाही. सट्ट्याचं ॲप बेकायदा आहे की नाही, यावरही वाद नसतो. ज्याला क्रमांक आहे ते मोजलं जातं. एखाद्या जाहिरातीनं एका जिल्ह्याच्या बोलीला हसण्यावारी नेलं, तर त्याला कसला क्यूआर कोड लावणार?

कोल्हापूरचं उदाहरण घ्या. पडद्यावरचं कोल्हापूर चार-पाच वस्तूंत उरकतं: कुस्तीचा आखाडा, मिशी, करकर वाजणारी चप्पल, लालभडक रस्सा आणि दर दोन वाक्यांनी एखादं 'लई भारी' किंवा 'नाद खुळा'. मसाल्याची जाहिरात असो वा सिमेंटची, ताकद दाखवायची की पैलवान येतो आणि तिखट दाखवायचं की कानातून धूर निघतो. कोल्हापुरात तांबड्याच्या शेजारी पांढरा रस्साही वाढतात, तो नारळाच्या दुधातला आणि सौम्य असतो, ही गोष्ट तीस सेकंदांत बसत नसावी. 'व्हेज कोल्हापुरी' नावाची भाजी देशभरातल्या मेनूकार्डांवर आहे. कोल्हापूरच्या घरी ती कुणी केल्याचं मला तरी माहीत नाही.

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या होती ३८ लाख ७६ हजार आणि साक्षरता ८१ टक्क्यांच्या वर. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात मिळून सुमारे ३०० फौंड्र्या आहेत. गाड्यांचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग इथे ओतले जातात. पण लेथवर उभा असलेला कोल्हापूरचा टर्नर कुठल्या जाहिरातीत कोल्हापूरकर म्हणून दिसला, हे आठवून पाहा. आणि गंमत म्हणजे जाहिरातीच्या इतिहासात या गावाचं नाव आधीपासून आहे. १९२४ च्या 'कल्याण खजिना' या चित्रपटाचं बाबुराव पेंटरांनी केलेलं पोस्टर हे भारतातल्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रमय सिनेपोस्टरांत गणलं जातं. ज्या गावानं पोस्टर कसं रंगवायचं ते दाखवलं, त्याच गावाचं पोस्टर आता भलतेच रंगवतात.

बोलीचं तर विचारूच नका. कोल्हापूर, सांगली भागातल्या अनेक बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी येतो', 'मी जेवलो' असं सहज म्हणतात. शिकलेल्या, न शिकलेल्या, म्हाताऱ्या, तरुण, सगळ्या. ही तिथल्या बोलीची रीत आहे. पडद्यावर मात्र ती विनोदाची जागा होते: बाई 'आलो' म्हणाली की पार्श्वसंगीत मिश्कील होतं. बरं, जाहिरातीतली 'गावरान' मराठी नीट कुठल्या एका गावची असते असंही नाही. थोडं 'व्हय', थोडं 'न्हाई', थोडं 'का वं' असं एकत्र घोटून मुंबईच्या डबिंग स्टुडिओत एक अशी बोली तयार होते, जी ना कागलची, ना वाळव्याची, ना अकोल्याची. तिचं काम एकच, बोलणारा अडाणी किंवा भोळा आहे हे दोन सेकंदांत कळावं. मग शहरी उच्चारांचा डॉक्टर किंवा सून येते आणि योग्य साबण सांगते.

हिंदी जाहिरातींत हाच प्रकार एक पायरी वर सरकतो. तिथे अख्खी मराठीच त्या 'गावरान' जागेवर जाते. धुणी-भांडी करणारी बाई 'कांताबाई' किंवा 'शांताबाई', हवालदार मराठी, आणि त्यांना सूचना देणारी मालकीण हिंदी-इंग्रजी बोलणारी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटी ३० लाख लोक नोंदले गेले. हिंदी आणि बंगालीनंतर तिसरा क्रमांक. घरकाम करणारी बाई मराठी दाखवली म्हणून अपमान झाला, असं मी म्हणणार नाही. घरकाम हे कमी प्रतीचं काम नाही. प्रश्न असा की त्याच जाहिरातींतला बँक मॅनेजर, दंतवैद्य, इंजिनिअर मराठी का नसतो.

या सगळ्याबद्दल कायदा काय म्हणतो ते वाचायला बसलो की एक मजेशीर गोष्ट सापडते. केबल टीव्ही नियमांत कार्यक्रमांसाठी नियम ६ आहे आणि जाहिरातींसाठी नियम ७. कार्यक्रमांच्या नियमात स्पष्ट मनाई आहे: वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांचं चित्रण हिणवणाऱ्या, उपरोधिक किंवा तुच्छतेच्या वृत्तीनं करता येणार नाही. जाहिरातींच्या नियमात हेच कलम आखूड होतं: वंश, जात, वर्ण, पंथ आणि राष्ट्रीयत्व यांची टर उडवू नये. भाषा नाही, प्रदेश नाही. ॲस्कीच्या स्वतःच्या संहितेत लिंग होतंच. २०२२ च्या दुरुस्तीनं लैंगिक ओळख, शरीराची ठेवण, वय, शारीरिक व मानसिक स्थिती यांचीही भर पडली. भर स्वागतार्ह आहे, पण बोली आणि प्रांत याही वेळी बाहेरच राहिले.

म्हणजे साडेआठच्या मालिकेत कोल्हापूरच्या बाईची तुच्छतेनं नक्कल केली तर ती नियमात सापडते. आठ बेचाळीसला ब्रेक झाला आणि साबणाच्या जाहिरातीत तीच नक्कल झाली, तर तिला नाव घेऊन थांबवणारं कलम नाही. अश्लील, सूचक, किळसवाणी किंवा आक्षेपार्ह मांडणी टाळावी असं एक सरसकट कलम जाहिरात नियमांतही आहे. अशा मांडणीवरच्या गाजलेल्या कारवाया मात्र वेगळ्याच कारणांनी झाल्या: २००७ मध्ये पुरुषांच्या अंतर्वस्त्रांच्या 'टोइंग'वाल्या जाहिरातीवर माहिती-प्रसारण मंत्रालयानं बंदी घातली, जून २०२२ मध्ये सामूहिक बलात्काराची भीती विनोदासाठी वापरणारी एका बॉडी स्प्रेची जाहिरात काढायला लावली. दोन्ही वेळा मुद्दा लैंगिक सूचकतेचा होता.

कलमात शब्द असला की काय फरक पडतो, ते जून २०२३ मध्ये दिसलं. झोमॅटोनं पर्यावरण दिनाला 'लगान'मधल्या 'कचरा' या दलित पात्राला टेबल, दिवा, टॉवेल अशा वस्तूंच्या रूपात दाखवणारी ऑनलाइन जाहिरात केली. जात हा विषय कायद्यानं नीट ओळखलेला. जाहिरात मागे घेतली गेली, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगानं नोटीसही बजावली. आता भाषेच्या भांडणांकडे बघा. मार्च २०२० मध्ये 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मधल्या मुंबईची भाषा हिंदी आहे अशा अर्थाच्या संवादावरून मनसे उठली आणि निर्मात्यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'बिग बॉस'मधल्या स्पर्धकाच्या मराठीबद्दलच्या शेऱ्यावरून कलर्स वाहिनीनं थेट मुख्यमंत्र्यांना माफीचं पत्र धाडलं. इथे तर कार्यक्रमांच्या नियमात भाषिक गटांचं कलम हाताशी होतं. तरी तक्रार रस्त्यावरून गेली आणि माफी राजकीय दारात पोचली.

जानेवारी २०२० ची निरमाची जाहिरातही त्याच वाटेनं गेली. अक्षय कुमार आणि त्याचे साथीदार मराठा योद्ध्यांच्या वेशात लढाई जिंकून येतात, मळलेल्या कपड्यांवरून राणीचे टोमणे ऐकतात आणि मग स्वतःच कपडे धुतात. मावळ्यांची थट्टा झाली म्हणून मुंबईत वरळी पोलीस ठाण्यात तक्रार गेली, समाजमाध्यमांवर बहिष्काराची हाक उठली. साबणाच्या जाहिरातीत पुरुषांनी धुणं हातात घेतलं याचं खरं तर कौतुक व्हायला हवं होतं. पण ते सोडा. इतिहासपुरुषांच्या वेशाला धक्का लागला की आपण पेटून उठतो. 'कांताबाई' दिवसातून दहादा येऊन जाते, तिच्यासाठी कुणी ठाण्याची पायरी चढत नाही.

आणि गर्दीच्या जोरावर निकाल लागू लागले तर ते दोन्ही बाजूंनी लागतात. ऑक्टोबर २०२० मध्ये मुस्लिम सासरच्या घरी हिंदू सुनेचं डोहाळजेवण दाखवणारी तनिष्कची जाहिरात ॲस्कीच्या समितीनं तपासली आणि तीत काहीही गैर नाही असं एकमतानं सांगितलं. जाहिरात तोवर मागे घ्यावी लागली होती. नियम तिच्या बाजूनं होता, गर्दी नव्हती.

ब्रिटनचे काही आकडे इथे शेजारी ठेवावेसे वाटतात. २००५ मध्ये केएफसीच्या एका टीव्ही जाहिरातीत कॉल सेंटरमधल्या बायका तोंडात घास घेऊन गातात, म्हणून तिथल्या जाहिरात नियामकाकडे १,६७१ तक्रारी आल्या. सगळ्या फेटाळल्या गेल्या. तोंडात घास घेऊन गाणं असभ्य असेल, नियमभंग नाही. पुढे जून २०१९ मध्ये स्त्री-पुरुषांच्या साचेबंद चित्रणाविरुद्ध नियम लागू झाला आणि ऑगस्टमध्ये पहिल्या दोन टीव्ही जाहिराती बंद झाल्या. चीजच्या जाहिरातीविरुद्ध १२८ तक्रारी होत्या. फोक्सवॅगनच्या विद्युत गाडीच्या जाहिरातीविरुद्ध होत्या फक्त ३. तीन तक्रारी पुरल्या, कारण त्यांना बसायला कलम होतं.

एक गोष्ट आपल्याही बाजूची सांगायला हवी. कोल्हापूरचं हे चित्र कोल्हापूरकरांनीही हौसेनं विकलं आहे. टी-शर्टावर 'नाद खुळा', हॉटेलच्या पाटीवर मिशी, गाडीच्या काचेवर पैलवान. 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका कोल्हापूरजवळच्या वसगड्यात चित्रित होत होती तेव्हा तिथे पर्यटकांची रीघ लागायची आणि तिच्या नायकाचं, राणादाचं, 'चालतंय की' गावोगाव झालं. कुणालाही अपमान वाटला नाही, वाटण्यासारखं फारसं नव्हतंही. स्वतःची थट्टा स्वतः करण्यात हे गाव पटाईत आहे आणि मैत्रीतली शिवी इथे जिव्हाळ्यात मोडते. पण कट्ट्यावर बोलणाऱ्याला ऐकणारा ओळखत असतो. जाहिरात अशा घरात जाते जिथे कोल्हापूरचं माणूस कधी आलेलंच नसतं; तिथे तोच विनोद माहिती म्हणून ऐकला जातो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, गुळाला त्याआधीच. चपलेचं नाव परवानगीशिवाय वापरता येत नाही, चप्पल घालणाऱ्याचं सोंग मात्र कुणीही आणावं.

मोजणं अशक्य आहे, ही सबब मला पटत नाही. युनिसेफ आणि गीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी २०१९ मधल्या एक हजारांहून अधिक भारतीय जाहिराती तपासून २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात स्त्री पात्रांपैकी ६६.९ टक्के गोऱ्या किंवा उजळ वर्णाच्या, तर पुरुष पात्रांपैकी ५२.१ टक्के, अशी रंगाची मोजदाद आहे. कातडीचा रंग मोजता येतो तर जिभेचाही येईल.

शिवाजी विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे. सात ते अकरा या चार तासांत एका मराठी वाहिनीवर नियमाप्रमाणे ४० मिनिटांच्या व्यापारी जाहिराती येऊ शकतात, आठवड्याला २८० मिनिटं, म्हणजे ३० सेकंदांच्या ५६० नोंदी. पुन्हा पुन्हा येणाऱ्या गाळल्या तर पाहायच्या वेगळ्या जाहिराती त्याच्या कितीतरी कमी राहतील. वर्गातल्या चार मुलांचं एका सत्राचं काम. रकाने साधे ठेवावेत: पात्र कोणती बोली बोलतं, काय काम करतं, त्याला नाव आहे का, माल कसा वापरायचा ते सांगणारं कोण आणि ऐकून घेणारं कोण. हाच तक्ता हिंदी वाहिनीसाठी पुन्हा भरावा आणि नियम ७ मध्ये दोन शब्द वाढवायची मागणी करताना अर्जाला जोडावा.