हृदयातलं घटिकापात्र

एप्रिलच्या दुपारी मोडनिंबच्या बाजारात कुणी म्हातारा माणूस भोवळ येऊन पडला, की भोवतीचे लोक म्हणतात, ऊन लागलं. त्याला सावलीत नेतात, तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगवतात. तो उठून बसतो आणि विषय तिथंच मिटतो. सोलापूरचं ऊन पाहता हे बहुतेकदा खरंही असतं. पण अशा पडण्यामागं कधीकधी हृदयातल्या पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याला, म्हणजे उजव्या कर्णिकेला, डोकं-हातांकडून रक्त आणणारी मोठी शीर जिथं मिळते तिथं तो बसलेला आहे. लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. डॉक्टर त्याला ‘एसए नोड’ म्हणतात. दिवसाचे सुमारे एक लाख ठोके इथून सुटतात.

ही जागा सापडली ती इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या एका खेड्यात. मार्टिन फ्लॅक हा वैद्यकीचा विद्यार्थी मोल नावाच्या, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या छोट्या प्राण्याच्या हृदयाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. त्याचे गुरू आर्थर कीथ सायकलवरून फेरफटका मारून परतले, तेव्हा त्यानं त्यांना एक वेगळीच रचना दाखवली. १९०७ साली दोघांनी ती जगापुढं मांडली. त्याच्या आदल्याच वर्षी सुनाओ तवारा या जपानी संशोधकानं जर्मनीत काम करून हृदयातली दुसरी, खालची गाठ उलगडली होती. ठोका कुठून निघतो आणि कुठून पुढं जातो, हे असं वर्षभराच्या अंतरानं कळलं.

तो निघतो कसा, हे कळायला मात्र आणखी सत्तर वर्षं गेली.

लग्नाचा मुहूर्त साधायला पूर्वी घंगाळात घटिकापात्र सोडत. बुडाला बारीक भोक, त्यातून पाणी आत झिरपे, पात्र भरलं की बुडे. रिकामं करून पुन्हा सोडलं की पुन्हा तेच. एसए नोडमधली पेशी अशीच चालते. शरीरातल्या बहुतेक पेशी विश्रांतीत विजेची एक ठरावीक पातळी धरून बसतात. या पेशींना ते जमतच नाही. आतली पातळी उणे साठ मिलिव्होल्टच्या आसपास उतरली, की त्यांच्या आवरणातली काही दारं उघडतात आणि सोडियमचे धनभारित कण आत झिरपू लागतात. पातळी सावकाश चढते. उणे चाळीसच्या सुमारास कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि ठोक्याचा विद्युत इशारा सुटतो. मग पोटॅशियम बाहेर पडतं, पातळी खाली येते आणि झिरपणं नव्यानं सुरू होतं. घटिका चोवीस मिनिटांची, ही फेरी एका सेकंदाच्या आतली.

१९७९ साली हिलरी ब्राऊन, डारिओ डिफ्रान्चेस्को आणि सुझन नोबल यांनी सशाच्या हृदयात हा झिरपणारा प्रवाह नोंदवला. पातळी वाढल्यावर उघडणारी दारं त्यांच्या परिचयाची होती. ही तर पातळी घटल्यावर उघडत होती. म्हणून त्याचं नावच ‘फनी करंट’ पडलं. पेशीच्या पोटातल्या साठ्यातून ठेक्यानं सुटणारं कॅल्शियमही या चढणीला हातभार लावतं. दोहोंपैकी मुख्य कोण, यावर शास्त्रज्ञांचा वाद बरीच वर्षं चालला. मला दोघांची जोडच पटते, कारण एकावरच भिस्त ठेवून असं काम जन्मभर निभणं अवघड.

या सगळ्यात मेंदूच्या हुकमाची गरज नाही. गर्भाचं हृदय चौथ्या आठवड्यात धडधडू लागतं, तेव्हा तिथं मज्जातंतू पोचलेलेही नसतात. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी मानवी हृदयाचं रोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. पण असं रोपण मुळात शक्य होतं, ते हृदय आपला ताल सोबत घेऊन येतं म्हणूनच. मज्जातंतू तुटलेलं रोपित हृदय मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतं. आपले सत्तर-पंचाहत्तरच पडतात, कारण व्हेगस मज्जातंतू ते झिरपणं मंद करतो. भीतीत, धावपळीत ॲड्रेनॅलिन ते वाढवतं.

हे दोन्ही परिणाम एकाच रात्रीत भोगायला लावणारा प्राणी आपल्या रानात दगडाखाली राहतो. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. आधी घाम, उलट्या, कधी मंद नाडी. मग ॲड्रेनॅलिनचा लोट येतो, हातपाय गार पडतात, ठोके धावू लागतात, फुप्फुसात पाणी भरतं. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या, १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निरीक्षणं छापली आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी या दंशावर वापरून दाखवली. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात, हृदयावरचा भार उतरतो. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण महाराष्ट्रातून जगाच्या वैद्यकाला मिळालेली ही फार मोठी देणगी आहे.

वयानुसार एसए नोडमध्ये तंतूंचं जाळं वाढतं, पेशी कमी होतात, आणि काहींची नाडी चाळिसाच्याही खाली जाते किंवा मध्येच काही सेकंद थांबते. खालची गाठ कारभार हाती घेते खरी, पण तिचा वेग कमी. मेंदूला रक्त अपुरं पडतं आणि माणूस कोसळतो. यावर इलाज आहे: कॉलरबोनच्या खाली बसवायचा कृत्रिम पेसमेकर. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्याचा समावेश आहे.

तेव्हा घरातलं वडीलधारं माणूस एकदा जरी असं पडलं, तरी शुद्धीवर आलं म्हणून निर्धास्त राहू नका. मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. चालू असलेल्या रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या, कारण त्यांतल्या काहींनीही नाडी मंदावते. आणि त्याच दिवशी जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या.