चार सेंटिमीटरांचा इशारा

कबड्डीत बोनस घेणारी चढाई नीट पाहा. एक पाय बोनस रेषेपलीकडे, दुसरा अधांतरी आणि समोर झेपावायला टपलेले बचावपटू. त्या क्षणी सगळ्या शरीराचा भार एका घोट्यावर असतो. डोळे, आतला कान आणि सांध्यांभोवतीच्या संवेदी तंतूंकडून आलेले निरोप मेंदू जुळवतो आणि पापणी लवायच्या आत स्नायूंना हुकूम सोडतो. तो किंचित उशिरा पोचला, तरी घोटा मुरगळू शकतो!

नवल म्हणजे तोलातली ही उणीव मोसम सुरू होण्याआधीच मोजता येते, तीही मैदानावर फक्कीनं आखलेल्या तीन रेघांवर. रेघा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारख्या. त्या मिळतात तिथं अनवाणी, एका पायावर, हात कमरेवर ठेवून उभं राहायचं. दुसरा पाय आधी पुढे, मग मागे एका बाजूला, नंतर मागे दुसऱ्या बाजूला जमेल तितका लांब न्यायचा आणि तोल न ढळू देता परत आणायचा. अंतर टेपनं मोजायचं. पायाच्या लांबीशी त्याचं प्रमाण काढलं, की उंच आणि बुटक्या खेळाडूंची तुलना करता येते.

अमेरिकेत फिलिप प्लिस्की आणि सहकाऱ्यांनी 235 शालेय बास्केटबॉलपटूंची अशी चाचणी मोसमाआधी घेतली. 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पुढच्या दिशेला डाव्या-उजव्या पायांत 4 सेंटिमीटरहून जास्त फरक असलेल्यांना पायाच्या दुखापतीचा धोका अडीच पट होता. महाविद्यालयीन खेळाडूंवरच्या पुढच्या अभ्यासांत मात्र एकवाक्यता नाही. कुठे हा संबंध दिसला, कुठे नाही. नॉर्वेचे रोआल्ड बार यांनी 2016 मध्ये बजावलं, की अशा चाचण्यांवरून अमुक एकालाच दुखापत होईल, असं सांगता येत नाही.

म्हणून या आकड्यावरून कुणाला संघाबाहेर बसवणं चूक. त्यातून सरावाची दिशा मात्र मिळते, कारण तोल कमावता येतो. त्याच 2006 साली अमेरिकेतल्या 765 शालेय खेळाडूंवरच्या प्रयोगात तोलाच्या नियमित व्यायामानं घोटा मुरगळण्याचा धोका 38 टक्क्यांनी घटला.

अहिल्यानगर जिल्ह्यात कबड्डी आणि कुस्ती गावोगावी रुजली आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र केसरीची लढत अहिल्यानगर शहरात झाली. फिजिओथेरपी शिकवणारं महाविद्यालयही जिल्ह्यातच, राहाता तालुक्यात, लोणीला आहे. क्रीडाशिक्षकांनो, आंतरमहाविद्यालयीन सामन्यांआधी एक सकाळ या तीन रेघांना द्या. ज्याच्या दोन पायांत मोठा फरक दिसेल, त्याला फिजिओथेरपिस्टकडे पाठवा आणि तोलाचा व्यायाम सगळ्या संघालाच लावा.