पर्जन्यमापकापासून निधीपर्यंत

निधी कोणाचा? विकसनशील देशांना अनुदान व कर्ज देणाऱ्या हरित हवामान निधीच्या स्थापनेचा निर्णय २०१० च्या कानकून हवामान परिषदेत झाला. मुख्यालय दक्षिण कोरियातील सोंगडो येथे.

हा निधी मिळवायला पुरावा काय लागतो? धरण, बंधारा किंवा पीकयोजना हवी, एवढे सांगून भागत नाही. बदलत्या हवामानामुळेच ती गरजेची झाली, हे आकड्यांनी पटवावे लागते.

हवामान खात्याचे काम : पाऊस-तापमानाच्या जुन्या नोंदी जपणे, ३० वर्षांच्या सरासरीशी (सध्या १९९१–२०२०) तुलना करणे आणि पुढील दशकांचे अंदाज स्थानिक पातळीवर उतरवणे.

अडचण : अनेक गरीब देशांत हवामान केंद्रे विरळ, तर जुन्या नोंदी अजून कागदावरच. म्हणजे गरज मोठी, पण पुरावा तोकडा!

तोडगा : जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचे विकास व पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून ‘सॉफ’ हा निरीक्षणनिधी उभारला, घोषणा २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत. केंद्रे उभारण्याबरोबरच ती चालू ठेवण्याचा खर्चही त्यातून मिळतो. जमिनीवरील केंद्रांत साधारण २०० किलोमीटर अंतर आणि दर तासाला नोंद, हा जागतिक निकष.