मल्टिमीडिया निर्मिती : सॉफ्टवेअरपलीकडचे शिक्षण

ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृती दल नेमण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात केली. त्यानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये याच क्षेत्रासाठी मुंबईत राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. या क्षेत्राकडे आता रोजगाराचे साधन म्हणून पाहिले जात असल्याने त्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांची जबाबदारीही वाढली आहे. सॉफ्टवेअर हाताळता येणे आणि व्यावसायिक म्हणून काम करता येणे या दोन भिन्न गोष्टी असून, दुसरी गोष्ट बहुतेकांना पहिल्या नोकरीत, काहीशी उशिरा, उमगते.

याचे कारण कामाच्या स्वरूपात दडलेले आहे. चित्रपट असो वा जाहिरात, त्याची निर्मिती तीन टप्प्यांत होते. पूर्वनिर्मितीत पटकथा, स्टोरीबोर्ड, अंदाजपत्रक व वेळापत्रक ठरते. दुसऱ्या टप्प्यात चित्रीकरण होते. उत्तरनिर्मितीत संकलन, ध्वनी, इफेक्ट्स आणि रंगसंस्करण केले जाते. एकाचे पूर्ण झालेले काम हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो. त्यामुळे संकलन अंतिम झाल्यावर, म्हणजे ‘पिक्चर लॉक’नंतर, एखाद्या दृश्यातील दोन सेकंद कमी केले, तरी पार्श्वसंगीत, ध्वनी आणि इफेक्ट्स यांची जुळणी पुन्हा करावी लागते. एका व्यक्तीचा ‘किरकोळ बदल’ अनेकांचे श्रम वाया घालवू शकतो.

म्हणूनच क्षुल्लक वाटणाऱ्या सवयींना येथे मोल आहे. क्लॅपबोर्डवर दृश्य व टेक यांचे क्रमांक लिहिले जातात आणि त्याच्या आवाजावरून स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित झालेला आवाज चित्राशी जुळवला जातो. चित्रपटासाठी साधारणतः सेकंदाला २४, तर भारतीय दूरचित्रवाणीसाठी २५ चौकटींचे प्रमाण रूढ आहे. काम कोठे प्रदर्शित होणार, हे आधी न विचारता चित्रीकरण केल्यास पुढे हालचाल अडखळत दिसते किंवा कालावधी बदलतो. फाइलच्या नावात प्रकल्प, दृश्य आणि आवृत्तीचा क्रमांक असावा; ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशी नावे गोंधळाला निमंत्रण देतात. चित्रित साहित्याच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतील एक अन्य ठिकाणी ठेवावी, हा संकेतही सर्वमान्य आहे. एखादी हार्ड डिस्क निकामी झाली तर वाया गेलेला चित्रीकरणाचा दिवस परत आणता येत नाही.

तांत्रिक शिस्तीइतकेच कायद्याचे भान आवश्यक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा प्रथम हक्कदार, वेगळा करार नसल्यास, सामान्यतः मालक असतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने आपले हक्क दुसऱ्यास द्यायचे, तर त्याचा लेखी व स्वाक्षरी केलेला करार हवा. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षे आणि क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. करार न वाचता स्वाक्षरी करणारा तरुण काही वेळा पुढील अनेक वर्षांचे उत्पन्न सोडून देतो. आपल्या कामाचा नमुना म्हणून तयार केलेल्या ‘शोरील’मध्ये अप्रदर्शित दृश्ये परवानगीविना घेणेही महागात पडू शकते. समूहाने केलेल्या दृश्यात आपला वाटा नेमका कोणता, हेही त्यात प्रामाणिकपणे नोंदवावे.

हे सारे शिकायचे कोठे? स्टुडिओंच्या काळात याचे उत्तर सोपे होते. व्ही. शांताराम यांनी बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ती कामे करीत चित्रपटकला आत्मसात केली आणि १९२९ मध्ये सहकाऱ्यांसह कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना केली. पुढे ‘प्रभात’ पुण्यात आली आणि तिच्याच आवारात १९६० मध्ये आजच्या भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्थेची सुरुवात झाली. आता स्टुडिओची ती जुनी व्यवस्था उरलेली नाही. बरेचसे काम प्रकल्पापुरते एकत्र येणारे स्वतंत्र व्यावसायिक करतात आणि नवोदिताच्या चुका शांतपणे दाखवून देणारा ज्येष्ठ सहकारी प्रत्येकाला लाभतोच असे नाही.

त्यामुळे विद्यार्थिदशेतच प्रत्यक्ष कामासारखी परिस्थिती निर्माण करणे हिताचे ठरते. गटाने लघुपट करावा, भूमिका वाटून घ्याव्यात, मुदत पाळावी आणि सूचना लेखी घ्याव्यात. पुढच्या लघुपटात भूमिका बदलाव्यात, म्हणजे ध्वनिमुद्रकाची अडचण कॅमेरामनला कळते. प्रशिक्षणासाठी संस्थेत रुजू होताना आपली नोंदणी शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१ खाली होणार आहे का, हे जरूर विचारावे. कारण तशी नोंदणी झालेल्या उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक आहे. सॉफ्टवेअर काही वर्षांनी बदलते. वेळेवर, नीट नोंद केलेले आणि पुढच्या सहकाऱ्याला अडचण न येणारे काम हाती देण्याची सवय मात्र प्रत्येक नव्या प्रकल्पात उपयोगी पडते.